नुसती ट्रूडी

घरात पाहुणा यायचा असला की सगळे आवरायला लागतात, आणि घरात निर्णय घ्यायचा असला की सगळे बोलायला लागतात. अमेरिकेतल्या ईरी शहरातल्या पावलाकांच्या स्वयंपाकघरात त्या मे महिन्यात हेच चाललं होतं. ट्रूडी पावलाकला दोन मोठ्या विद्यापीठांनी एकाच आठवड्यात प्रवेश देऊ केला होता, आणि कुठे जायचं हे तिला सोडून बाकी सगळ्यांना पक्कं ठाऊक होतं.

ट्रूडीचं वय एकोणचाळीस. शाळा संपल्यावर ती प्लास्टिकच्या कारखान्यात बाटल्यांची झाकणं करायला लागली ती लागलीच. नवरा कधीच फ्लोरिडाला निघून गेला होता आणि तो तिथेच बरा होता. मुलगी डेलेनी नववीत असताना एकदा बीजगणिताचं पुस्तक घेऊन आईकडे आली. आईला त्यातलं ओ की ठो कळेना. दुसरी कोणी असती तर 'जा, बाईंना विचार' म्हणून मोकळी झाली असती. ट्रूडीने मात्र गावातल्या कम्युनिटी कॉलेजात, म्हणजे मागेल त्याला प्रवेश देणाऱ्या दोन वर्षांच्या स्वस्त कॉलेजात, संध्याकाळच्या गणिताच्या वर्गात नाव घातलं. म्हणजे मुलीचा गृहपाठ करायला गेली आणि स्वतःच विद्यार्थिनी होऊन बसली. गणितातून रसायनात, रसायनातून निसर्गविज्ञानात, आणि तिथून थेट आपल्या घरामागच्या ईरी सरोवरात. ज्या पाण्याकाठी जन्म गेला ते उन्हाळ्यात हिरवं का पडतं, एवढं एकच तिला आता शिकायचं होतं. त्यासाठी तिने पदवीच्या तिसऱ्या वर्षात थेट प्रवेश मागितला होता, आणि दोन्हीकडून होकार आला होता.

त्यातलं एक व्हिटलॉक. हे नाव घेतलं की दात तपासणारा डॉक्टरसुद्धा हात थांबवून तुमच्या तोंडाऐवजी तुमच्याकडे बघतो. दुसरं ॲशबर्न. तिथेही शंभरातले पाच-सहाच घेतात, पण हे माहीत असणाऱ्यांना माहीत. ईरीत ॲशबर्न म्हटलं की लोक म्हणायचे, "ते सोफ्यांचं दुकान ना?" खर्चाचं म्हणाल तर दोन्ही विद्यापीठांनी शिष्यवृत्ती देऊन तो प्रश्न मिटवला होता, त्यामुळे भांडायला उरलं होतं ते फक्त नाव.

"यात विचार कसला करायचा?" ट्रूडीचा थोरला भाऊ वॉली फ्रीज उघडून उभा होता. "व्हिटलॉक! माझी बहीण व्हिटलॉकला! मी आज दुकानात सांगितलं तर मॅनेजरने हात मिळवला माझ्याशी. सोळा वर्षांत पहिल्यांदा."

"मामा, फ्रीज बंद कर," डेलेनी म्हणाली. "आणि बाहेर तुझ्या गाडीच्या काचेवर काय चिकटवलंयस ते आईला सांग."

आमच्याकडे गाडीची मागची काच म्हणजे घराण्याची अब्रू. पोरगं कुठे शिकतं त्या विद्यापीठाच्या नावाची पट्टी तिथे लावतात, आणि सिग्नलला मागचा माणूस ती वाचतो. ट्रूडीने खिडकीतून डोकावून पाहिलं. वॉलीच्या पिकअपवर हातभर लांब व्हिटलॉक झळकत होतं. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात, इथे तर नवऱ्याआधी वऱ्हाडच घोड्यावर बसलं होतं.

"वॉली, अजून ठरलं नाहीये माझं."

"मग ठरव. तुला काय, दोन्हीकडून होकार आलेत."

ट्रूडी हसली. इतका आनंद झाला होता की रात्री झोपेतून उठून ती प्रवेशाचा निरोप पुन्हा वाचायची. आणि प्रत्येक वेळी वाटायचं, यांची काहीतरी गफलत झाली आहे. "मी नुसती कम्युनिटी कॉलेजची," हे वाक्य तिच्या तोंडी इतकं बसलं होतं की फोनवर स्वतःचं नाव सांगतानाही ती म्हणायची, "मी नुसती ट्रूडी बोलतेय."

व्हिटलॉकने नव्या विद्यार्थ्यांना भेटीला बोलावलं तेव्हा ट्रूडीने डेलेनीला सोबत घेतलं. डेलेनी सतरा वर्षांची. तिला विद्यापीठात काडीचा रस नव्हता. येत्या जूनमध्ये शाळा संपली की वीज कंपनीत खांबांवर चढून तारा जोडायचं शिक्षण घ्यायचं, हे तिचं दोन वर्षांपूर्वीच ठरलं होतं.

दगडी कमानीखाली टेबल मांडलं होतं. विद्यार्थ्यांना गळ्यात घालायला निळी फीत, पालकांना हिरवी. टेबलामागच्या हसऱ्या मुलाने नाव विचारलं, यादीत पाहिलं आणि टाळीच वाजवली.

"पावलाक! अभिनंदन! व्हिटलॉकमध्ये स्वागत!"

आणि निळी फीत त्याने डेलेनीच्या गळ्यात घातली. मग हिरवी उचलून ट्रूडीपुढे धरली. त्या फितीच्या बिल्ल्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'पालक'. "आणि आईंचंही अभिनंदन. एवढी हुशार मुलगी वाढवलीत!"

डेलेनीने तोंड उघडलं. ट्रूडीने तिच्या पायावर पाय दिला.

का दिला? मागे रांग होती, मुलगा भला होता, आणि 'तुझी चूक झाली' असं म्हणायला जी छाती लागते ती ट्रूडीने कारखान्याच्या गेटवरच ठेवली होती. तिने हिरवी फीत मुकाट्याने गळ्यात घातली. घंटा वाजली, निळ्या फिती एका दाराने गेल्या, हिरव्या दुसऱ्या. डेलेनी मागे वळून वळून पाहत नाहीशी झाली.

पालकांसाठी नाश्ता होता. ट्रूडीच्या शेजारी सुती कोटातले एक गृहस्थ बसले. स्वभावाने वाईट नव्हते, तिच्यासाठी संत्र्याचा रस स्वतः उठून घेऊन आले.

"तुमची मुलगी कुठल्या विषयाला?"

"सरोवरांचं विज्ञान," ट्रूडी म्हणाली. इथवर खोटं काही नव्हतं.

"वा! पहिल्या वर्षापासून आली ते बरं झालं. ही मधूनच येणारी मंडळी असतात ना, कम्युनिटी कॉलेजांतून वगैरे, त्यांना बिचाऱ्यांना दयेपोटी घेतात हो. झेपत नाही त्यांना."

आणि ट्रूडीने मान डोलावली.

वाचकहो, तिने मान डोलावली! तिच्याच तोंडावर कोणी तिची किंमत केली आणि तिने वर पावती दिली. रसाचा पेला हातात घेऊन ती सकाळभर त्या खोलीत कोणाचीतरी आई होऊन बसली.

परतीच्या वाटेवर डेलेनीची बडबड थांबेना. "आई, मी प्रयोगशाळा पाहिली. सरोवराच्या तळाचा चिखल नळीत भरून ठेवलाय, दोनशे वर्षांचे थर! एका प्राध्यापकांनी मला विचारलं, 'तुला काय शिकायला आवडेल?' मी म्हटलं, खांबावर चढायला. ते इतके हसले! तुझ्या खुर्चीवर बसून आले मी. मऊ आहे. तुला कसं वाटलं?"

"व्हिटलॉकच," ट्रूडी रस्त्यावरची नजर न हलवता म्हणाली. "ठरलं माझं."

"पण तू तर काहीच पाहिलं नाहीस."

"पाहायचंय काय त्यात? एकदा ते नाव लागलं की आधी कुठे होतीस असं कोणी विचारणार नाही."

 निळी फीत अजून डेलेनीच्या गळ्यात होती. तिने ती काढली आणि आईच्या मांडीवर ठेवली.

त्या शुक्रवारी गावातल्या पोलिश लोकांच्या क्लबात तळलेल्या माशांचं जेवण होतं. तिथे प्रूइटबाई भेटल्या. व्हर्नेल प्रूइट म्हणजे कम्युनिटी कॉलेजातल्या रसायनाच्या बाई. सत्तरीला आल्या तरी वर्गात उभ्याच असतात आणि कोणाचं चुकलं तर चष्म्यावरून बघतात. ट्रूडीला सरोवराचं वेड लावलं ते त्यांनीच. त्यांना पाहताच ट्रूडीचा बांध फुटला. हिरव्या फितीपासून मान डोलावण्यापर्यंत सगळं सांगून झालं.

"बघा ना बाई, किती लागलं मला ते. त्या मुलाने नुसतं तोंड पाहिलं आणि ठरवून टाकलं."

"चूक झालीच त्याची," बाई माशावर लिंबू पिळत म्हणाल्या. "पण ती एका मिनिटाची. उरलेली सकाळ कोणाची?"

ट्रूडीने ताटातला मासा काट्याने उलटा केला.

"तू सांगितलं असतंस तर त्याने जीभ चावली असती आणि फीत बदलली असती. तू त्याला चूक सुधारायची संधीच दिली नाहीस. वर त्या कोटवाल्यालाही खरा ठरवून आलीस. आता तो पुढच्या वर्षीही हेच बोलणार, आणि तेव्हा त्याच्या शेजारी तुझ्यासारखीच कोणीतरी बसलेली असेल."

"पण मी तरी काय बोलणार होते? मी नुसती..."

"हे बघ," बाईंनी काटा खाली ठेवला. "नुसती कॉफी असते, दूध न घातलेली. माणूस नुसता नसतो. मुलगी वाढवली, कारखान्यात पाळ्या केल्या आणि माझ्या वर्गात पहिली आलीस. त्यातलं काय वजा केलं म्हणजे तू नुसती होतेस, ते मला फळ्यावर करून दाखव."

ट्रूडीला हसू आलं आणि डोळेही भरले. बटाट्याचा काप तिने उगाच सॉसमध्ये बुडवला.

"म्हणजे व्हिटलॉकला जाऊ नको म्हणता?"

"मी असं कुठे म्हटलं? माझे दोन विद्यार्थी तिथे शिकले, सोनं झालं त्यांचं. मोठ्या नावाशी माझं भांडण नाही. मी एवढंच विचारते, ते नाव तू मिळवायला चाललीस की त्याखाली स्वतःचं नाव झाकायला? झाकायला जात असशील तर कुठेही जा, चादर अपुरीच पडणार." मग त्या पुढे वाकल्या. "ॲशबर्न पाहून ये. इमारती बघू नकोस. वर्गात बस, आणि 'मला कळलं नाही' असं मोठ्याने म्हणता येतं का ते बघ. जिथे म्हणता येईल ती तुझी शाळा."

ॲशबर्नला निघताना डेलेनीने बजावलं, "आज हिरवी फीत घातलीस तर मी बसने घरी येईन. आणि माझ्या पायावर पाय देऊ नकोस, आज मी लोखंडी टोकाचे बूट घातलेत."

तिथे दगडी कमान नव्हती, मोठं मेपलचं झाड होतं आणि त्याखाली टेबल होतं. टेबलामागे दातांना तारा लावलेली मुलगी. तिने नाव विचारलं, यादीत पाहिलं, तिचा चेहरा फुलला.

"पावलाक! या, या! आम्ही वाटच बघत होतो!"

आणि निळी फीत उचलून ती डेलेनीकडे वळली.

इथेही तेच! ट्रूडीचे कान तापले. मागे रांग होती, ही मुलगीही भलीच होती. हिरवी फीत टेबलाच्या कडेला तयार होती, हात पुढे केला की झालं. डेलेनी आकाशाकडे बघत उभी राहिली.

"थांब पोरी," ट्रूडी म्हणाली. आवाज जरा मोठाच निघाला, कारखान्यात यंत्रावरून हाक मारायचा तो. "विद्यार्थिनी मी आहे. ही माझी मुलगी, सोबत आलीये."

रांगेतली बोलणी थांबली. त्या मुलीचा चेहरा कानांपर्यंत लाल झाला. "अगं बाई! माफ करा, माफ करा हं! मी बघितलंच नाही, सरळ ठरवूनच टाकलं!" ती टेबलाला वळसा घालून धावत आली आणि निळी फीत ट्रूडीच्या गळ्यात घालता घालता तिच्या केसांत अडकवून बसली. ती सोडवताना दोघी हसायला लागल्या. "कुठून येताय तुम्ही?"

"ईरीच्या कम्युनिटी कॉलेजातून."

टेबलापासून चार पावलं दूर गेल्यावर डेलेनी कुजबुजली, "आई, 'नुसती' म्हणायचं राहिलं तुझं."

"राहू दे," ट्रूडी म्हणाली. तिला पळत सुटावंसं वाटत होतं.

त्या दिवशी तिने खरोखरचा वर्ग पाहिला. सरोवराचाच विषय होता. प्राध्यापक उंच, विस्कटलेल्या केसांचे. त्यांनी फळ्यावर आलेख काढला, जसजसं खोल जावं तसं पाणी कसं गार होत जातं याचा. ट्रूडीने मान तिरकी करून पाहिला, सरळ करून पाहिला. काहीतरी विपरीत होतं. आजूबाजूची विशीतली मुलं भराभर वहीत उतरवत होती. कोणाच्या चेहऱ्यावर शंका नव्हती. आपल्यालाच कळत नाही, आता कोट घातलेला कोणीतरी म्हणेल, झेपत नाही बिचारीला. तिचा हात मांडीवरच थिजला. मग तिला चष्म्यावरून बघणारे दोन डोळे आठवले आणि तो हात वर गेला.

"सर, मला कळलं नाही. हा आलेख उलटा का आहे? शून्य वर आणि मोठे आकडे खाली?"

 प्राध्यापकांनी फळ्याकडे पाहिलं आणि खडू कपाळावर मारून घेतला.

"कारण पाण्याचा पृष्ठभाग वर असतो आणि तळ खाली. आम्ही लोक सरोवर जसं दिसतं तसंच ते मांडतो. हे मी पहिल्याच तासाला सांगायला हवं होतं! हे कोणाकोणाला माहीत नव्हतं?"

आधी एक हात वर आला, मग मागच्या बाकावरचे दोन, मग निम्मा वर्ग. ट्रूडीच्या शेजारच्या मुलाने वही तिच्याकडे सरकवली. त्याने अख्खा आलेख उलटा वाचून टिपणं काढली होती. "गेले तीन आठवडे मी सरोवराच्या तळाला ऊन पाडतोय," तो हळूच म्हणाला. "तुम्ही पुढच्या वर्षी येणार असाल तर माझ्या शेजारीच बसा."

गाडीत बसल्यावर ट्रूडीला किती बोलू आणि किती नको असं झालं. अर्ध्या वाटेवर मात्र ती एकदम थांबली. "पण डेलेनी, हा न्याय नाही झाला. व्हिटलॉकमध्ये मी तोंडच उघडलं नव्हतं. इथे उघडलं. मग ॲशबर्न चांगलं की मी बदलले?"

"मग विचार त्यांना," डेलेनी म्हणाली. "फोन आहे की तुझ्याकडे. बोलताही यायला लागलंय."

दुसऱ्या दिवशी ट्रूडीने व्हिटलॉकला फोन लावला. पलीकडच्या बाई अदबशीर होत्या. हिरव्या फितीची गोष्ट ऐकून त्यांनी मनापासून माफी मागितली, टेबलावरच्या मुलांना सांगते म्हणाल्या, आणि ते त्यांनी केलंही असेल. मग ट्रूडीने खरा प्रश्न विचारला.

"आमच्यासारखे संसार करून परत शिकायला येणारे, ते त्याच वर्गात बसतात का? त्या मुलांबरोबर?"

"इथलं पहिलं वर्ष नाही," बाई म्हणाल्या. "तुमच्यासाठी वेगळे वर्ग असतात, संध्याकाळचे. नोकरी सांभाळणाऱ्यांना सोयीचे पडतात, आणि समवयस्क सोबत असले की बऱ्याच जणांना मोकळं वाटतं."

सोय खरी होती. नोकरी सांभाळणाऱ्या कोणाला तेच हवं असेल, आणि त्याने तेच घ्यावं. पण ट्रूडीला शेजारच्या मुलाची उलटी वही आठवली. आपल्याला वेगळी खोली नको, आपल्याला त्या बाकावर बसायचंय, हे तिला इतकं लख्ख कळलं की तिने बाईंचे तीनदा आभार मानले. महिन्यापूर्वी हा प्रश्न विचारायची तिची हिंमत झाली नसती.

"ॲशबर्न!" तिने स्वयंपाकघरात जाहीर केलं.

वॉलीच्या हातातलं सँडविच थांबलं. "सोफ्याचं दुकान?"

"हो. सोफ्याचं दुकान."

"अगं, पण काचेवरची पट्टी... लोक काय म्हणतील? आता ती निघत नाही, मी पक्की चिकटवलीये."

"मामा, लोक तुला विचारतील तेव्हा सांग, माझ्या बहिणीला तिथे प्रवेश मिळाला होता आणि तिने त्यांना नाही म्हटलं," डेलेनी म्हणाली. "व्हिटलॉकला नाही म्हणणारी माणसं ईरीत किती आहेत?"

वॉलीने विचार केला. हळूहळू त्याचा चेहरा उजळला. त्याला हे व्हिटलॉकपेक्षाही मोठं वाटलं असावं, कारण तो लगेच दुकानात फोन करायला बाहेर गेला. शनिवारी मात्र तो गरम पाणी आणि पातं घेऊन काच खरवडत बसलेला सगळ्या गल्लीने पाहिला.

ऑगस्टच्या अखेरीस ॲशबर्न उघडलं. मेपलखाली तेच टेबल, तीच तारांची मुलगी. ट्रूडीला लांबून पाहताच तिने निळी फीत हवेत नाचवली. डेलेनी खांबावर चढायच्या शिक्षणातून एक दिवसाची सुटी काढून, जाड बूट घालूनच आली होती. निळी फीत आईच्या गळ्यात गेलेली पाहिली, आणि मग तिने स्वतःच हात लांब करून हिरवी उचलली.

"ही माझी," ती म्हणाली.

"पण ती तर पालकांची..."

"मी हिची पालक." डेलेनीने 'पालक' लिहिलेला बिल्ला छातीवर सरळ केला. "आमची पोरगी जरा लाजाळू आहे. वर्गात हात वर करत नसेल तर मला कळवा."

घंटा वाजली. निळ्या फिती एका दाराने निघाल्या, हिरव्या दुसऱ्या. या वेळी मागे वळून वळून पाहत होती ती ट्रूडी. पालकांच्या नाश्त्याला एका बाईंनी सतरा वर्षांच्या त्या पालकाकडे कौतुकाने पाहिलं आणि विचारलं, "धाकटा भाऊ आलाय का तुमचा?"

"नाही, आई," डेलेनी म्हणाली. "कम्युनिटी कॉलेजातून आलीये. सरळ तिसऱ्या वर्षाला."

तेव्हा बंधूंनो आणि भगिनींनो, पांढरा केस दिसला की हातात हिरवी फीत देण्याची घाई आपणही सोडू या. शिकायला आलेल्याचं वय विचारायचं नसतं, त्याला जागा करून द्यायची असते. आणि तुमच्या हातात कोणी चुकून ती फीत दिलीच, तर ती मुकाट्याने गळ्यात घालू नका. एवढंच म्हणा, "थांब पोरी, विद्यार्थिनी मी आहे." नाव मोठं कुठलंही असो, विद्या तिथेच मिळते जिथे 'मला कळलं नाही' असं मान ताठ ठेवून म्हणता येतं.

त्या पहिल्याच दिवशी ट्रूडीचा हात दोनदा वर गेला. दुसऱ्यांदा सरांनी नाव विचारलं तेव्हा ती म्हणाली, "ट्रूडी पावलाक, ईरी," आणि खाली बसली.